डॉक्टर होऊन बीपी-शुगरच्या जनुकांवर संशोधन केलं, तर डॉक्टरकी वाया जाते का?

तुम्ही विचारलंय की मुलगी कोल्हापुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात आजी-आजोबा दोघांनाही बीपी आणि शुगर, आणि ती म्हणते प्रॅक्टिस नको, याच आजारांच्या जनुकांवर संशोधन करायचंय. यात करिअर आहे का, की शिकलेलं वाया जाईल, आणि घरच्यांचीही जनुक तपासणी करून घ्यावी का.

शिकलेलं वाया जात नाही. पैसा मात्र जातो, ते आधीच सांगून टाकते. मी कोल्हापूरचीच. एमडी मेडिसिन झाल्यावर, बाकीचे दवाखान्याची पाटी रंगवून घेत होते त्या वयात मी पीएचडीला बसले. आई नातेवाइकांना नुसतं "अजून शिकतीय" म्हणायची आणि विषय बदलायची. बॅचच्या एका मित्राचं राजारामपुरीत तीन मजली हॉस्पिटल उभं आहे. मी अजून स्कूटरवर. हे चालणार असेल तर पुढचं वाचा.

माझी पहिली सहा वर्षं जवळजवळ फुकट गेली. तेव्हा एकेक संशयित जनुक धरून बसायची पद्धत होती. मी धरला एसीई, म्हणजे बीपी वाढवणारं रसायन बनवण्यात भाग घेणारं जनुक. या जनुकात डीएनएच्या २८७ अक्षरांचा एक तुकडा काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो. असला तर जेलवर (यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) ४९० ची पट्टी दिसते, नसला तर १९० ची. आईकडून एक आणि बापाकडून दुसरी आली असेल तर दोन्ही. सहाशे लोकांचं रक्त गोळा केलं, रात्र-रात्र जेल चालवले, आणि तुकडा नसलेल्यांना बीपी जास्त असा सुरेख निकाल आला. पेढे वाटायचेच बाकी होते. मग एका वरिष्ठ बाईंनी माझे फोटो बघून विचारलं, "फिक्या पट्ट्या मोजल्यास का गं?" पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीत, लहान तुकडा भराभर वाढतो आणि मोठा मागे पडतो, त्यामुळे दोन पट्ट्यांचा माणूस एका पट्टीचा दिसतो. हे छापून आलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तुकड्याच्या आत बसणारा वेगळा प्रायमर (प्रत बनायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवून सगळे संशयित नमुने पुन्हा तपासले. सुरेख निकाल विरघळून गेला.

आणि चूक झाली नसती तरी सहाशे माणसांत काही सापडणारच नव्हतं, हे नंतर कळलं. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये उच्च रक्तदाबाचे सुमारे २००० रुग्ण आणि ३००० इतर लोक यांचे संपूर्ण जनुकसंच चाळले गेले. मधुमेहात, हृदयविकारात आजाराशी जोडलेली ठिकाणं सापडली, बीपीत खात्रीचं एकही नाही. २०१८ पर्यंत दहा लाखांहून जास्त माणसं जमवली तेव्हा बीपीशी संबंधित जागांचा आकडा ९०१ वर गेला. त्यातली एकेक जागा बीपी हलवते किती? बहुतेक वेळा एक मिलिमीटरसुद्धा नाही. आमच्या ओपीडीत बीपीचा कफ दंडाला नीट न बांधल्यामुळे याच्या दसपट फरक पडतो!

म्हणून या कामात पहिली विद्या कुठली तर बीपी मोजायची. हसू नका. माणूस जिना चढून आला की पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीला, दंडाच्या मापाचा कफ, आणि तोवर गप्पा बंद. कोल्हापुरात गप्पा बंद ठेवणं हेच सगळ्यात अवघड. शिवाय निम्म्या लोकांच्या गोळ्या चालू असतात, मग त्यांचं खरं बीपी धरायचं किती? वरच्या आकड्यात १५ आणि खालच्यात १० मिळवायचे अशी या क्षेत्रात रीत आहे. ओबडधोबड आहे, पण त्याशिवाय ज्यांना आजार सगळ्यात जास्त तेच निरोगी दिसायला लागतात.

आता शुगरकडे येते, कारण माझे सगळे चांगले दिवस तिकडचे आहेत. टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला, आणि पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी ते आपल्या लोकांतही तसंच काम करतं हे दाखवलं. त्याच्या धोक्याच्या रूपाची एक प्रत असली तर धोका साधारण दीडपटीच्या जवळ जातो. या आजारांत एवढासुद्धा मोठा म्हणायचा. याज्ञिकांचं काम मुलीला आवर्जून वाचायला द्या. आपली बाळं वजनानं बारीक पण अंगात चरबी जास्त, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतून दाखवलं. जनुकाच्या पलीकडे आईच्या पोटातलं नऊ महिन्यांचं खाणंही असतं, ते तिथं कळतं.

पण मला हे काम कशामुळे धरून ठेवता आलं, तर एका म्हातारीमुळे. पन्हाळ्याकडच्या गावची. नातीला घेऊन आलेली, नात एकोणीस वर्षांची, काटकुळी, दोन वर्षांपासून दिवसाला चार इन्सुलिनच्या सुया. पोरगी गप्प, बोलत होती आजीच. "आमच्यात साऱ्यांस्नी साखर हाय बघा डॉक्टरीणबाई. माझ्या मालकास्नी, हिच्या बाला, धाकल्या दिराला. पन कोन जाड न्हाई आमच्यात."

मी पेन खाली ठेवलं. कागद पालटला आणि मागच्या बाजूला वंशवेल काढायला घेतली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, साखर असेल तो काळा करायचा. तीन पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत निम्मे काळे, तेही पंचविशीच्या आत-बाहेर सुरू झालेले. बाहेर बसलेला मुलीचा चुलता आत डोकावला आणि म्हणाला, वंशावळ कशाला पाहिजे, वाटणी तर झाली आमची! आमच्याकडं वंशावळ म्हटलं की तलाठी आणि सातबाराच आठवतो. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला, पण त्यानंच पुढे गावात फिरून अकरा जणांचं रक्त मिळवून दिलं.

सी-पेप्टाइड तपासलं, शरीर अजून स्वतःचं इन्सुलिन बनवत होतं. टाइप वन मधुमेहात सापडणाऱ्या अँटिबॉडी नव्हत्या. जनुक बघितलं, एचएनएफ१ए मध्ये बिघाड. हा एकाच जनुकाचा मधुमेह, मोडी म्हणतात त्याला (लिपीशी संबंध नाही), आणि तो साध्या जुन्या सल्फोनिलयुरियाच्या गोळीला फार चांगला प्रतिसाद देतो. इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं ते २००३ मध्ये दाखवलं होतं. दोन आठवडे रोज फोनवर आकडे घेत घेत इन्सुलिन उतरवलं. शेवटच्या दिवशी पोरगी पहिल्यांदा स्वतः बोलली. "मग आता सुया फेकून देऊ?" म्हटलं फेकू नकोस, डब्यात भरून आण, इथं नष्ट करतात.

मी फक्त प्रयोगशाळेत बसले असते तर ती म्हातारी मला भेटलीच नसती. म्हणून माझं मत ठाम आहे की मुलीनं ओपीडी सोडू नये. आठवड्यातून दोन दिवस का होईना, रोगी बघावेत. सगळे संशोधक हे मान्य करणार नाहीत, आणि दोन दगडांवर पाय ठेवून मी दोनदा पडलेही आहे. पण प्रश्न तिथूनच येतात.

त्रासाचंही ऐका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हायवे बंद, लाइट गेलेली, आणि मी तेव्हा जिथं काम करायचे तिथल्या जनरेटरमध्ये डिझेल नाही, कारण भरायची सही कोणाची यावर फाइल अडलेली. नऊ वर्षांचे नमुने उणे वीसच्या फ्रीजरमध्ये पाणी सोडायला लागले. मी आणि टेक्निशियननं थर्माकोलच्या पेट्या डोक्यावर घेतल्या आणि एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, बटरस्कॉचच्या शेजारी. त्याचा जनरेटर चालू होता. डीएनए वाचला, सीरम (रक्तातला पातळ भाग) बरंचसं गेलं.

मुलीनं आत्ता काय करावं, तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते, तिला अर्ज करावा. दोन महिन्यांत कळतं, आवड आहे की नुसतं आकर्षण. रक्तातून डीएनए काढताना गार अल्कोहोल ओतल्यावर नळीत कापसासारखा पांढरा धागा तरंगत वर येतो, तो एकदा तरी स्वतःच्या हातानं काढू दे. सोबत संख्याशास्त्र शिकावं, 'आर' नावाची संगणकीय भाषा फुकट आहे. एमडी करावं, मग पीएचडी. उलट क्रमही चालतो, पण आपल्याकडे एमडी नसलेल्या डॉक्टरचं वॉर्डात कोणी ऐकत नाही.

आजी-आजोबांची जनुक तपासणी मात्र करू नका. साठीत सुरू झालेल्या शुगरमध्ये तिच्यानं औषध बदलत नाही, पैसे जातील. घरात पंचविशीच्या आत, बारीक असताना कोणाला शुगर निघाली किंवा तिशीच्या आत बीपीसोबत पोटॅशियम कमी आलं, तर डॉक्टरांकडे तो विषय काढा. आणि आजींचं बीपी घरी मोजता ते चहाचा कप हातात असताना मोजू नका, अर्धा तास थांबा.