पर्यायी उपचारांच्या जाहिराती प्रामाणिक असतात का?

काही उपचारकांच्या असतात, पण सर्रास दिसणारे दावे पुराव्याच्या कसोटीला उतरत नाहीत. होमिओपॅथीचेच घ्या: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये, उपलब्ध अभ्यास तपासून, ती कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही असा निष्कर्ष काढला, तरीही दमा किंवा संधिवात ‘मुळापासून बरा’ करण्याची आश्वासने थांबलेली नाहीत. अनेक उपचारकांचा स्वतःच्या पद्धतीवर मनापासून विश्वास असतो, हे मान्य. मात्र त्यामुळे दावा खरा ठरत नाही. शिवाय जाहिरातीत गुण आलेल्या रुग्णांचेच अनुभव छापले जातात, आणि सर्दी किंवा पाठदुखी पुष्कळदा आपोआपच ओसरते. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करायला सांगणाऱ्या जाहिरातीवर तर मुळीच विसंबू नये.