वाल सोलता सोलता

पालकांची पत्रं, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. मी आणि मिस्टर दोघंही मुंबईत नोकरीला. सकाळी पावणेआठला घर सोडते, परत यायला साडेआठ होतात. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. शाळेतून आला की सासूबाईंजवळ असतो. आठवडाभर त्याला वेळ देता येत नाही म्हणून दर रविवारी आम्ही त्याला मॉलमध्ये नेतो. गेम झोन, पिझ्झा धरून दोन-अडीच हजार सहज जातात. आणि घरी आल्यावर पायातले बूट काढायच्या आधी तो म्हणतो, ‘आता मोबाइल दे.’ ‘शाळेत काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही.’ आजीला मात्र सगळं सांगतो. मी कुठे कमी पडते? हा ‘क्वालिटी टाइम’ द्यायचा तरी कसा?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लोकलच्या गर्दीत रोज दोन-अडीच तास काढून घरी येणाऱ्या बाईला ‘मुलाला आणखी वेळ द्या’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण एक विचारते. साडेआठला घरात शिरल्यापासून दहापर्यंत तुम्ही काय करता? कुकर लावता, उद्याच्या डब्याची भाजी निवडता, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता. त्या दीड तासात मुलगा कुठे असतो? बहुतेक बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. ‘आईला कामं आवरू दे’ असं कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं. त्याला आत बोलवा. गवार मोडायला द्या, मटार सोलायला द्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

माझे वडील कऱ्हाडला शिंपीकाम करायचे. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची आणि दिवाळीआधी नव्या कपड्यांची घाई असे, तेव्हा रात्री बारापर्यंत मशीन चाले. मुलांना वेगळा वेळ काढून द्यायचा असतो, हे त्यांच्या कानावरही कधी आलं नसेल. पण संध्याकाळी मी दुकानात गेले की ते माझ्या हातात मापांची वही द्यायचे. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून सांगायचे, ‘लिही, छाती साडेचौतीस, बाही सव्वातेवीस, कॉलर पावणेपंधरा.’ पावणे, सव्वा, साडे मी शाळेच्या आधी त्या वहीत शिकले. गिऱ्हाईक गेलं की बटणं रंगावारी लावायची आणि सुयांत दोरा ओवून ठेवायचा, कारण त्यांना चाळिशी लागली होती. मशीन चालू असलं की दोघंही गप्प. पायडलवरचा पाय थांबला की बोलणं. चौथीत असताना मी वर्गातल्या एका मुलीची रंगीत पेन्सिल उचलून आणली होती. ते मी वडिलांना सांगितलं, दोरा ओवता ओवता, त्यांच्याकडे न बघता. त्यांनीही मान वर केली नाही. ‘उद्या नेऊन दे तिची तिला,’ म्हणाले आणि पुन्हा पायडल मारायला लागले. आज त्यांना जाऊन २० वर्षं झाली, पण सुईत दोरा ओवताना मला अजून ते शेजारी बसल्यासारखे वाटतात.

मूल असं बोलतं. समोर बसवून विचारलं की त्याला ती तोंडी परीक्षा वाटते. हात कामात आणि नजर कामावर असली की तोंड आपोआप मोकळं होतं. ३१ वर्षं बालवाडीत काढली, मातीकामाच्या तासाला मुलं जे बोलली ते गोष्टीच्या तासाला कधी बोलली नाहीत. तुमच्या सासूबाई वाती वळत असतील किंवा तांदूळ निवडत असतील आणि हा शेजारी लोळत असेल, म्हणून त्यांना सगळं कळतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट घरात त्याला बोलायला एक जागा आहे याचं बरं वाटू द्या. दुसरी तुमच्याजवळ करायची आहे.

आता एक काम नेमकं सांगते. शुक्रवारी रात्री पाव किलो कडवे वाल भिजत घाला. शनिवारी उपसून फडक्यात बांधा, गाठ त्याला मारू दे. रविवारी सकाळी फडकं सोडून कोमट पाण्यात वाल टाका आणि परात मध्ये घेऊन दोघं जमिनीवर बसा. अंगठा आणि पहिल्या बोटात धरून वाल हलकेच दाबला की डाळिंबी टुणकन सालीतून सुटते. कधी परातीत पडते, कधी थेट सोफ्याखाली जाते. पहिल्या दहा मिनिटांत तो पाच-सहा वाल चेचेल. चेचू दे. ‘अरे, असं नाही, आण इकडे’ म्हणालात की तो उठून जाईल आणि पुन्हा बसणार नाही. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे. तेवढा वेळ तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि शाळेबद्दल एकही प्रश्न विचारू नका. तुमचंच काही सांगा. गाडीत खिडकी कशी मिळाली, साहेब कुणावर रागावले, तुम्ही तिसरीत असताना काय करत होता. पहिल्या रविवारी तो कदाचित काहीच बोलणार नाही. तुम्ही पुढच्या शुक्रवारी पुन्हा वाल भिजत घाला. मिस्टरांनाही परातीशी बसवा. वाल सोलायला बाईचाच हात लागतो असं कुठे लिहिलेलं नाही.

बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायला त्यांना सवडच नसे. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत आणि मुलं पानं, बिया, शंख-शिंपले मोजताहेत. महागडी साधनं नव्हती, वेगळी वेळही नव्हती. बालवाडीचं शिक्षण घेताना हे मी ऐकलं आणि कायमचं मनात बसलं. तुमचं कुरण म्हणजे तो साडेआठ ते दहाचा स्वयंपाकघरातला वेळ.

मॉलला अगदी जाऊच नका असं नाही. महिन्यातून एकदा जा. पण तिथे तुम्ही पैसे देणार आणि तो मागणार, एवढंच उरतं. दोघांनी मिळून करायचं काही तिथे नसतं. म्हणून परत आल्यावर त्याचे हात रिकामेच असतात आणि तो मोबाइल मागतो.

प्रश्न : बाई, मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. फोन काढून घेतला की रडून घर डोक्यावर घेते, मग सासरे म्हणतात, ‘दे गं, उपाशी राहील पोर.’ काय करू? (लातूर)

उत्तर : आधी सासऱ्यांशी बोला, मुलीशी नंतर. घरातले सगळे एका विचाराचे झाल्याशिवाय हे सुटणार नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं आहे की २ वर्षांपर्यंत स्क्रीन मुळीच नको, २ ते ५ या वयात दिवसाला फार तर १ तास, आणि जेवताना तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली याच वयाच्या मुलांसाठी १ तासाचीच मर्यादा सांगितली. हे सासऱ्यांना दाखवा, पण भांडणाच्या सुरात नको. त्यांना नातीची काळजीच आहे.

मग सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा, ताटं खाली मांडून. तिचं ताट वेगळं वाढा आणि तिच्या हाताने खाऊ द्या. वरणभात कोपरापर्यंत जाईल, कपडे भरतील, खाली वर्तमानपत्र घाला. चिऊचा घास, काऊचा घास आजोबांनी भरवायचा, ते काम त्यांचंच. कुणाचाही फोन त्या खोलीत नको, तुमचाही नको. पहिले तीन-चार दिवस ती रडेल, कमी खाईल. तासाभराने भूक लागली म्हणाली तर तेच ताट पुन्हा पुढे करा, बिस्किटाचा पुडा नको. एवढं मात्र बघा, हाक मारल्यावर ती वळून बघते ना? दोन-तीन शब्द जोडून बोलते ना? नसेल तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

प्रश्न : बाई, मी चाकणला कंपनीत कामाला आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. मुलगी पाचवीत आहे. दुसऱ्या पाळीला मी रात्री घरी येतो तेव्हा ती झोपलेली, सकाळी ती शाळेला जाते तेव्हा मी झोपलेला. आता तिला काही हवं असलं की आईला म्हणते, ‘पप्पांना सांग.’ मी घरात असलो तरी. परवा शेजारच्या खोलीतून ते ऐकलं आणि जेवण गेलं नाही. दिवाळीत चार दिवस सुट्टी आहे, तेव्हा कुठे फिरायला नेऊ?

उत्तर : दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला वाटलं की फिरायला कुठेही नेऊ नका. अंगणात किंवा गच्चीत किल्ला करा. आणि दिवाळीपर्यंत थांबू नका, आजच एक दोनशे पानी वही आणा आणि तिच्या उशाशी ठेवा. दुसऱ्या पाळीहून आलात की चार ओळी लिहा. कँटीनला काय होतं, मशीन का बंद पडलं, येताना कुत्रं कसं मागे लागलं. उपदेश नको, ‘अभ्यास कर’ तर अजिबात नको. चित्र काढलंत तरी चालेल. ती लगेच उत्तर देणार नाही. आठ-दहा दिवस तुम्ही एकट्यानेच लिहायचं, ही तयारी ठेवा. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी असं केलं होतं, ते ट्रकवर असायचे. ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे आणि त्या वह्या तिने जपून ठेवल्या आहेत.

किल्ला कोणता करायचा हेही सांगते. तुमच्या गावातच संग्रामदुर्ग आहे. भुईकोट आहे, म्हणजे डोंगर रचायची कटकट नाही. १६६० साली शाएस्ताखानाची फौज चालून आली तेव्हा शिवाजी महाराजांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी हा कोट दीड महिन्याहून जास्त लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हा कुठे तो पडला. एका रविवारी तिला तिथे घेऊन जा. उरलेली तटबंदी दोघांनी पावलांनी मोजा, बुरूज कुठे कुठे आहेत ते तिला कागदावर काढू दे. त्यावरून घरी आखणी करा. विटा रचून तट, त्यावर मातीच्या राड्यात बुडवलेलं गोणपाट, बाहेरून खंदक. खंदकात पाणी ठरत नाही म्हणून तळाला प्लॅस्टिकचा कागद घाला. मावळे नवे आणू नका, माळ्यावर जुन्या डब्यात असतील, एखाद्याचा हात मोडला असेल तर तिला चिकटवू द्या. उडालेला बुरूज कुठला दाखवायचा, ते तिने ठरवायचं. तुम्ही तिच्या हाताखालचे गवंडी.

अळीव वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरा, म्हणजे दिवाळीत किल्ला हिरवा दिसेल. त्या आठवड्यात तुमची रात्रपाळी असली तरी अडत नाही. सकाळी घरी आलात की तुम्ही पाणी शिंपडायचं, संध्याकाळी तिने, आणि कोंब किती वर आले ते ज्याने पाणी घातलं त्याने वहीत लिहायचं.