लाइक येतात, ऑर्डर येत नाही

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची. दोन वर्षं झाली घरी केळी वेफर्स करतेय. खाणारे नावं ठेवत नाहीत पण ओळखीच्यांपलीकडे माल जातच नाही. फेसबुकवर पैसे टाकून जाहिरात केली, लाइक आले, ऑर्डर शून्य. काय चुकतंय?

उत्तर : ताई, जाहिरात सध्या थांबवा. लाइक करणारा बसलाय नागपूरला आणि तुमचं पाकीट सावद्यात, मग तो घेणार कुठून? आधी एकच गिऱ्हाईक पक्कं धरा. म्हणजे बघा, भुसावळहून गाडी पकडून पोरांकडे पुण्या-मुंबईला खाऊ नेणारा माणूस, त्याला दहा रुपयांची पुडी नको असते, पिशवीत चुरा न होणारं अर्धा किलोचं पाकीट हवं असतं.

'चविष्ट, कुरकुरीत' सगळेच छापतात हो. तुम्ही लिहा केळी कुठल्या शिवारातली, तेल कोणतं, आणि तळल्याची तारीख ठळक टाका. मी स्वतः दुकानात उभी राहून पाहिलंय, लोक पाकीट उलटंपालटं करून आधी तारीखच शोधतात. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा नंबर तर लागतोच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची खास ओळख सांगणारी सरकारी नोंद, मिळालाय खरा, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसताना तो लोगो छापू नका.

गुगल मॅपवर नाव टाका, फुकट आहे. आणि घेणाऱ्याला विचारूनच त्याचा नंबर वहीत लिहा, पंधरा-वीस दिवसांनी 'उद्या ताजा घाणा काढतेय, ठेवू का?' एवढाच मेसेज करा, रोज गुड मॉर्निंग नको.