लंडन ते लॉस एंजेलिस: जाताना 11 तास, येताना साडेदहा, असं का?

प्रश्न: मुलीला पहिल्यांदाच लंडनहून लॉस एंजेलिसला पाठवतेय. नेटवर अंतर 8,780 किमी दिसतं, विमानाचा स्पीड ताशी 900 म्हणतात, म्हणजे पावणेदहा तास व्हायला हवेत. पण तिकिटावर जाताना 11 आणि येताना साडेदहा तास आहेत. रस्ता तोच ना? शिवाय नकाशात विमान सरळ न जाता ग्रीनलंडकडे वर चढतं, हा फेरा कशाला?
– एक वाचक

उत्तर: आधी तो फेरा बघू, कारण तो फेरा नाहीच! घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक लंडनवर, दुसरं लॉस एंजेलिसवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडावर उतरतो आणि मग खाली येतो. हाच सगळ्यात जवळचा रस्ता आणि 8,780 किमी हे ह्याच दोऱ्याचं माप. सपाट नकाशावर गोल पृथ्वी ताणून बसवलेली असते म्हणून सरळ रस्ता वाकडा दिसतो.

आता वेळ. 900 हा स्पीड हवेतला असतो, जमिनीवरचा नाही, आणि सगळी गडबड इथेच होते. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत ते आणखी जोरात असतात. समजा पूर्ण वाटेवर सरासरी 40 किमीचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशोबाने स्पीड 860 राहतो आणि लागतात 10 तास 12 मिनिटं, तोच वारा पाठीमागून असेल तर 940 च्या स्पीडने 9 तास 20 मिनिटं. दोन्हीकडे रनवेपर्यंतचं रांगणं, वर चढणं, उतरणं ह्याची पाऊण-एक तासाची भर घाला, की तिकिटावरचे आकडे जवळपास जुळतात. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान 5 तासांच्या आत लंडनला पोचलं होतं, एरवी तिथे साडेसहा-सात तास लागतात. म्हणून तर उत्तर अटलांटिकवरच्या वाटा रोज वाऱ्याचा अंदाज बघून नव्याने आखतात, आणि येताना विमान वारा पकडायला दोऱ्याच्या वाटेपासून बऱ्यापैकी लांबूनही जातं, किलोमीटर वाढले तरी वेळ वाचतो.

बरेच जण म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, म्हणजे विमान वर गेलं की खाली जमीन सरकते. तसं नाही हो, हवा पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या हवेतच असतं.

एक गोष्ट मात्र मुलीला नक्की समजावून सांगा. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात. लॉस एंजेलिस लंडनच्या 8 तास मागे आहे, म्हणून दुपारी 12 ला निघालेली मुलगी 11 तास उडूनही तिथल्या 3 वाजता, त्याच दिवशी उतरेल. परतताना संध्याकाळी 5 ला निघाली तर लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा होतील, तिकिटावर वेळेच्या बाजूला अधिक एक लिहिलेलं असतं ते ह्यासाठीच. पुढचं विमान पकडायचं असेल तर मधला वेळ तिकिटावरच्या वेळेवरूनच काढा, किलोमीटरच्या भागाकारावरून नको.