दोन्ही रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फायर' आहे, तरी रुग्णाची माहिती जुळत का नाही?

फायर (FHIR) म्हणजे रुग्णाची माहिती एका सिस्टिमकडून दुसरीकडे पाठवण्याची ठरलेली प्रमाण पद्धत. दोन्ही विक्रेते 'आमच्याकडे फायर आहे' म्हणतात, ते बहुधा खरंच असतं. पण त्याचा अर्थ एवढाच, की पाठवलेला मजकूर समोरच्या सिस्टिमला उघडता येतो. त्याचा अर्थ तिला लागतो का, हा निराळा प्रश्न. इंटरफेसच्या, म्हणजे दोन सिस्टिम जोडण्याच्या, कामात माझा बहुतेक वेळ त्यातच जातो.

क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी घ्या. एका लॅबचा रिपोर्ट म्हणतो १.२, दुसरीचा १०६. रुग्णाची अवस्था तीच. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला, दुसरा मायक्रोमोल प्रति लिटरमधला. लॉइंक या तपासण्यांच्या प्रमाणित कोडयादीत दोन्हींना वेगळे कोड आहेत, २१६०-० आणि १४६८२-९. ते लावलेले असले तर ८८.४ ने गुणायचं किंवा भागायचं, झालं. प्रत्यक्षात लॅबने स्वतःचाच कोड बनवलेला असतो आणि एककाचा रकाना कोरा. मग एकेका तपासणीची जोडी लावायला लॅबमधला जाणता माणूस शेजारी बसवावा लागतो. कोटेशनमध्ये या कामाची ओळ सहसा नसते, हे आधीच सांगून ठेवतो.

ॲलर्जीचा कोरा रकाना तर त्याहून वाईट. 'ॲलर्जी नाही' की 'कुणी विचारलंच नाही'? स्नोमेड या वैद्यकीय संज्ञांच्या कोडयादीत 'ज्ञात ॲलर्जी नाही' याला स्वतंत्र कोड आहे, पण नोंदणी करणाऱ्याने तो निवडायला हवा. कोऱ्या रकान्याचं भाषांतर 'नाही' असं करणारा इंटरफेस मी तरी चालू करू देणार नाही.

ओळख जुळवणं हा या सगळ्याच्या आधीचा टप्पा. नावाची स्पेलिंगं दोन, जन्मतारीख माहीत नसली की सर्रास १ जानेवारी. एकाच माणसाच्या दोन फायली राहिल्या तर गैरसोय होते. दोन माणसांची एक फाइल झाली तर चुकीच्या माणसाला औषध जातं. म्हणून संशयित जोड्या आपोआप एकत्र करू नका, रेकॉर्ड विभागातल्या माणसाकडे तपासायला पाठवा.

जुनी सिस्टिम एचएल सेव्हनच्या व्हर्जन टूवर, म्हणजे फायरच्या आधीच्या संदेशपद्धतीवर, असेल तर 'झेड'पासून सुरू होणारे सेगमेंट, म्हणजे संदेशातले भाग, तेही बघा. ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने बनवलेले असतात आणि नेमकी महत्त्वाची माहिती तिथेच दडलेली असते.

विक्रेत्याला 'फायर आहे का' विचारू नका. कोणती आवृत्ती, कोणती प्रोफाइल (फायर नेमकं कसं वापरायचं याचे ठरवलेले नियम), आणि लॅबच्या किती तपासण्यांना लॉइंक कोड लावलेत, ते विचारा. शिवाय नावं काढलेले खरे रिपोर्ट घेऊन चाचणी करा. डेमोचा रुग्ण नेहमीच नीट जुळतो.