चष्म्याचा नंबर समजून घेताना

नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो: व्याख्या पाठ करत बसू नकोस, डोळ्याची लांबी लक्षात ठेव. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो जेमतेम 1 मिलिमीटरने जास्त लांब झाला, की दूरचे किरण दृष्टिपटलाच्या (डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या) अलीकडेच एकत्र येतात आणि अडीच-तीन डायॉप्टरचा (डायॉप्टर हे भिंगाची ताकद मोजायचं एकक) मायनस नंबर लागतो. नंबरचा अर्थही सोपा आहे. 1 ला नंबरने भाग. मायनस 2 म्हणजे अर्ध्या मीटरपलीकडचं सगळं धूसर.

नवखे सगळं श्रेय भिंगाला देतात (मीही देत होतो). डोळ्याच्या सुमारे 60 डायॉप्टरपैकी 43 च्या आसपास एकट्या पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे. भिंगाचं खास काम फोकस बदलण्याचं. वयाबरोबर ते ताठर होत जातं, मग पेपर लांब धरावा लागतो; तीच चाळिशी.

प्लस नंबर (डोळा आखूड असला की लागतो तो) मात्र भारी लबाड. लहान वयात भिंग फुगवून डोळा तो लपवतो, मूल तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि संध्याकाळी डोकं धरून बसतं. म्हणून मुलांच्या डोळ्यांत डॉक्टर भिंगाला सैल ठेवणारे थेंब घालून मग नंबर काढतात. तो वेळखाऊ प्रकार वाटला तरी टाळायचा नाही. सिलिंडरच्या नंबराकडे (पारपटलाचा बाक सगळीकडे सारखा नसला की लागतो तो) नंतर वळ. आधी कागदावर किरण काढून बघ.