आधी पाणी, मग दाणे

अंगणात पक्षी यावेत असं वाटतं ना? मग दाण्यांची घाई करू नका, आधी पाणी ठेवा. मातीचं पसरट भांडं घ्या, कुंडीखालची थाळीसुद्धा चालते. पाणी दोन बोटं आणि मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे चिमणीला उतरायला धीर येतो. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून भांडं लांब हवं.

दाण्यांत बाजरी, तांदळाची कणी, तीही मूठभरच. मी पहिल्या वर्षी ताट भरून ठेवायचो. आठवडाभरात कबुतरांनी अंगण बळकावलं आणि चिमण्या गायब! फरसाण तर अजिबात नको.

खरी गंमत झाडांत आहे. कढीपत्त्याला काळी फळं धरली की बुलबुल न बोलावता येतो. जास्वंदीवर शिंजीर हा मध पिणारा इवलासा पक्षी येतो, पण लबाड आहे: फुलाच्या तोंडाशी जातच नाही, देठाशी लटकून बुडाला भोक पाडतो आणि मध पळवतो.

कीटकनाशक फवारू नका. चिमणी पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडेच भरवते.

आणि पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही तरी भांड्याची जागा बदलू नका.